ताणावर सोडलेली बाग

सत्याप्पा कांबळेला पाणी पाजायला बोलवायचं तर आधी वशिला लावावा लागायचा, असं आमच्या गावात गमतीनं म्हणतात. गंमत कसली, खरंच आहे ते. निपाणीहून चिकोडीकडं निघालं की डाव्या अंगाला आमचं गाव. ओढ्याकाठची काळी रानं ऊसवाल्यांची आणि वर चढाला नुसता मुरमाड माळ. त्या काळ्या रानात अशी एक सरी सापडायची नाही, जिच्या तोंडाशी सत्याप्पा खोरं घेऊन उभा राहिला नाही. पाटाचं पाणी एका सरीतून दुसरीत वळवायचं, माती ओढून एक दारं बुजवायचं, दुसरं फोडायचं. मिसरूड फुटायच्या आधी हे काम धरलं ते केस पिकेपर्यंत सोडलं नाही. दुसऱ्याचा ऊस, दुसऱ्याची केळी, दुसऱ्याच्या परसातली पेरू-लिंबाची झाडं, सगळी त्याच्या हातचं पाणी पिऊन वाढली. फळाच्या दिवसात मालकाला आठवण झाली तर चार फळं हातावर यायची. नाही झाली तर सत्याप्पा खोरं खांद्यावर टाकून घरी.

त्याची लेक पारमिता. शिकली, बेळगावात कॉलेजात शिकवायला लागली. पोरगी बापासारखीच हट्टी. तिनं माळावरचा एक तुकडा बापाच्या नावानं घेतला, त्यात बोअर मारली आणि सांगितलं, "आप्पा, आता दुसऱ्याच्या पाटावर उभं राहायचं नाही. स्वतःचं काहीतरी लावा."

सत्याप्पानं डाळिंब लावायचं ठरवलं. का, तर ते झाड कमी पाण्यावर जगतं आणि मुरमात रमतं. बोअरला पाणी करंगळीएवढं. त्यावर पाट वाहवायचा म्हणजे पाणी झाडापर्यंत पोचायच्या आधीच माळ पिऊन टाकणार. म्हणून पारमितानं ठिबक बसवून दिलं. झालं! बापलेकीत जुंपली ती जुंपलीच.

"ह्या थेंबानं चिमणीची तहान भागायची न्हाय गं," सत्याप्पा म्हणाला, "झाडाची काय भागतीया? पाणी कसं, खळखळत आलं पायजे. आळं तुडुंब भरलं पायजे. त्यात झाडाचं तोंड दिसलं पायजे!"

"झाडाला आरशात बघायचंय का आप्पा?" पारमिता म्हणाली.

त्याची बायको मंगल हसत सुटली. सत्याप्पा तणतणत माळावर गेला आणि ठिबकाखालची माती हातानं उकरायला लागला. वरून एवढासा ओला ठिपका, पण हात मनगटापर्यंत आत गेला तरी ओल काही संपेना. मूठभर माती दाबली, तर तिचा लाडू झाला. गडी तिथंच फतकल मारून बसला. एवढी वर्षं आपण किती पाणी फुकट वाहवलं, या विचारानं त्याला जेवण गोड लागलं नाही.

मग काय विचारता! नवा मुल्ला परवडला, पण ठिबकवाला सत्याप्पा नको, अशी गावाची गत झाली. चहाच्या टपरीवर कुणी ऊसदराचं काढलं तरी हा त्याला फिरवून ठिबकावर आणायचा. झाडं वाढली तशा त्यानं नळ्या खोडापासून लांब सरकवल्या. लोक विचारायचे, अरे पाणी बुंध्यात घालायचं सोडून बाजूला का? तर हा सांगायचा, "झाडाचं तोंड खोडाला नसतंय, सावलीच्या कडंला असतंय." ज्यांच्या उसात तो जन्मभर राबला, त्यांच्याच रानातलं उसाचं वाळलेलं पाचट, जे मालक लोक काडी लावून जाळायचे, ते उचलून आणून त्यानं झाडाखाली अंथरलं. ऊन मातीला लागायचं नाही, ओल टिकायची. करंगळीएवढ्या पाण्यावर बाग अशी उभी राहिली, की रस्त्यानं जाणारा गाडी थांबवून बघायचा.

तिसऱ्या वर्षी पहिला बहार धरायचा ठरला. सत्याप्पा एरवी फारसं काही मागणारा माणूस नव्हे, पण या बहारावर त्याचा जीव जडला होता. मंगलला म्हणाला, "आजवर लई फळं बघितली गं. पर ही माझी म्हणावी असं एक न्हवतं. एकदा सोताच्या झाडाचं फळ हातात आलं की झालं. मग काय बी हुंदे."

आता डाळिंबाची एक खोड आहे, ती सांगायला हवी. हे झाड सुखात असलं की नुसता पाला काढतं. त्याला फळावर आणायचं तर आधी पाणी तोडावं लागतं. पाऊस संपला, दिवाळी झाली की पाणी बंद. पानं पिवळी पडतात, गळतात, काड्या उघड्या पडतात. बघणाऱ्याला वाटावं, बाग मेली. यालाच ताण म्हणतात. ताण पुरा बसला की छाटणी करायची, हलकं पाणी सोडायचं आणि मग झाड अंगभर कळी काढतं. मध्येच पाणी मिळालं की संपलं. झाड पुन्हा पाल्यावर जातं आणि त्या वर्षाचा बहार हातचा जातो. मूल अंगावरून तोडताना आईचं जे होतं, ते सत्याप्पाचं त्या दिवसांत झालं. रोज माळावर जायचा, गळलेली पानं बघायचा, ठिबकाच्या कॉकला हात लावायचा आणि तोंड पाडून परत यायचा.

नेमकं तेव्हाच त्याच्या डोळ्याचं निघालं. मोतीबिंदू पिकला होता. पारमिता म्हणाली, "आता बागेत काम नाही ना? मग हीच वेळ. या बेळगावला." सत्याप्पा आणि मंगल दोघंही निघाले. निघताना माळाच्या पायथ्याला बाळाक्का भेटली.

बाळाक्का म्हणजे बाळाबाई. त्या पायथ्याचं रान तिचं, आणि बांधावरची जुनी दगडी विहीरही तिचीच. नवरा कधीच गेला. मुलगा नागेंद्र बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीत कामाला, बायकापोरं तिकडंच. दर रविवारी मोटरसायकलवरून येऊन आईला बघून जायचा. पंचाहत्तरीची म्हातारी, पण जीभ अशी, की तिच्या बांधावरून कुत्रंसुद्धा अंग चोरून जायचं.

"कुठं निघालासा रं जोडीनं?" तिनं विचारलं.

"डोळं करायला, बेळगावला. आक्का, बागंकडं जरा ध्यान असू द्या."

"जा निवांत. मी हाय न्हवं?"

गावाला निघालेला माणूस शेजाऱ्याला असं म्हणतोच. सत्याप्पाच्या मनात होती शेळ्यामेंढरं. बागेला ताण दिलाय, हे म्हातारीला सांगावं असं त्याच्या डोक्यातही आलं नाही. येताजाता तिला दिसत होतंच की सगळं! आणि बाळाक्कानं उभ्या जन्मात डाळिंब लावलेलं नव्हतं, हे काही त्याच्या ध्यानात आलं नाही.

बेळगावात ऑपरेशन झकास झालं. दिवसातून चारदा डोळ्यात औषध घालायला पारमिता बाटली घेऊन आली की हा म्हणायचा, "मला बी ठिबक लावलंस का गं?" डॉक्टरांनी डोळा जरा लाल आहे म्हणून मुक्काम वाढवला. सत्याप्पाला घाई नव्हती. ताण तोडायला अजून अवकाश होता. लेकीच्या घरी आयतं जेवत, काळा चष्मा लावून तो एखाद्या सायबासारखा बाल्कनीत बसायचा आणि शेजाऱ्यांच्या कुंड्यांना पाणी जास्त होतंय म्हणून कळवळायचा.

परत आला तेव्हा एसटीतून उतरल्या उतरल्या टपरीवाल्या मारुतीरावांची हाक आली. "सत्याप्पा, नशीबवान हाईस गड्या! तुझी बाग जळून चाललती. बाळाक्कानं पाणी घालून वाचवली बघ!"

पिशवी मंगलच्या हातात देऊन सत्याप्पा तसाच माळाकडं सुटला. मंगल मागून ओरडतीय, अवं धावू नका, डॉक्टरांनी काय सांगितलंय! पण ऐकतो कोण?

वरच्या ओळी जशा पाहिजेत तशा होत्या, उघड्या, काड्याकाड्या झालेल्या. आणि खालच्या ओळी, विहिरीकडच्या, जिथं जमीन जरा खोल होती म्हणून बागेतली सगळ्यात दांडगी झाडं होती, त्या ओळी तांबूस कोवळ्या पालवीनं भरून गेल्या होत्या. प्रत्येक झाडाच्या बुंध्यात ऐसपैस आळं केलेलं. आळ्यात चिखल. ठिबकाच्या नळ्या अडचण नको म्हणून व्यवस्थित गुंडाळून बाजूला ठेवलेल्या. पाचटही ओढून बांधावर नीट रचलेलं. म्हातारीनं काम कसं लक्ख केलं होतं!

निम्मी बाग गेली होती, आणि ती पण चांगली निम्मी. उरलेला वरचा तुकडा म्हणजे हलका मुरूम. तिथं कळी निघेल, फळ ठरेल, याची काय खात्री?

मंगल धापा टाकत आली. तिनं बघितलं आणि तिच्या तोंडाचा पट्टाच सुटला. "ह्या म्हातारीला कुणी सांगितलावता नसता उद्योग? आत्ताच्या आत्ता जावा आणि इचारा तिला. तुमी इचारत नसशिला तर मी इचारते!"

"मीच इचारतो," सत्याप्पा म्हणाला. असा रागानं लाल झालेला सत्याप्पा मंगलनं लग्नापासून बघितला नव्हता. काय काय बोलायचं ते सगळं त्यानं वाटेत जुळवून घेतलं. माझ्या जन्माची हौस होती, बोलायचं होतं. कुणाला विचारून पाणी घातलंसा, बोलायचं होतं.

रविवार होता. बाळाक्काच्या घरी पुढच्या सोप्यात नागेंद्र बसला होता आणि बाळाक्का बाजेवर आडवी. खांद्याला हळदीचा लेप, गुडघ्याला फडकं बांधलेलं. सत्याप्पाला बघून नागेंद्रनंच तोंड उघडलं.

"काका, बरं झालं आलासा. हिला काय तरी सांगा. दिवसा थ्री-फेज लाईट न्हवती, मोटर चालंना. तर ह्या बाईनं रहाटानं पाणी काढून घागरी वाहिल्या चढावर! मी म्हटलं गडी लावतो, तर ऐकंना."

"गडी कशाला?" बाळाक्का उठून बसत म्हणाली. "मला सांगून गेलता त्यो. गड्याला सांगून गेलता का? ये रं सत्याप्पा, बस. डोळं बरं हाय न्हवं? अरं, तू गेलास आणि तुझी झाडं भराभर पानं टाकायला लागली. म्हटलं ह्यो गडी तिकडं डोळ्याला पट्टी बांधून पडलाय, कळवावं तर उठून पळत यील आणि डोळा घालवून बसंल. म्हणून सगळ्यास्नी दम दिला, पारमिताला कुणी फोन करायचा न्हाय म्हणून."

सत्याप्पा दारातच उभा होता. जुळवून आणलेलं बोलणं जिभेवर होतं. तेवढ्यात बाळाक्काचा आवाज खाली आला.

"पर वरच्या ओळींपातूर न्हाय रं पोचले मी. गुडघ्यानं दगा दिला. ती वरची मेली बघ सगळी. तू एवढं सांगून गेलास, आणि मला न्हाय जमलं. माफ कर बाबा."

जी झाडं शहाण्यासारखी वाळली होती, त्यांच्यासाठी म्हातारी डोळ्याला पदर लावत होती. आता हिला काय बोलायचं?

आणि सत्याप्पाला ती विहीर आठवली. लहान असताना बापाबरोबर तो या रानात कामाला यायचा. त्यांच्या माणसांना त्या विहिरीच्या पायऱ्या उतरायची मुभा नव्हती. तहान लागली की काठावर उभं राहून हाक द्यायची. मग घरातली कुणीतरी यायची आणि वरून पाणी ओतायची, हात दोन हात लांबून, शिंतोडासुद्धा उलटा उडू नये अशा बेतानं. खाली हे बापलेक ओंजळ धरून. त्या ओतणाऱ्यांत एक नवी नवरी होती. सासू मागं उभी राहून बघायची. ती ही बाळाक्का. त्याच विहिरीचं पाणी त्याच बाईनं कमरेवर घागर घेऊन, म्हातारपणी, चढ चढून सत्याप्पाच्या झाडांना नेऊन घातलं होतं. कुणी हाक दिली नव्हती. कुणी मागितलं नव्हतं.

जुनं सगळं तो विसरला असं नाही. ते विसरायचं नसतंच. पण मगाचा राग शोधू म्हटलं तरी त्याला सापडेना.

"आक्का," तो म्हणाला, "लई केलंसा. एवढं कुणी करत न्हाय."

आणि काळ्या चष्म्याखालून त्याचे डोळे वाहायला लागले. मंगल, जी भांडायच्या तयारीनं कंबर खोचून आली होती, ती नवऱ्यावरच उखडली, "डोळ्यात पाणी आणायचं न्हाय म्हणून सांगितलंय न्हवं डॉक्टरनी? फुसा आधी!"

संध्याकाळी पारमिताचा फोन आला. झालेलं ऐकून ती चिडली. "आप्पा, तुम्ही त्यांना खरं सांगितलं का नाही? अशानं पुढच्या वर्षी पुन्हा घालतील."

सत्याप्पा म्हणाला, "काय सांगू गं? पाणी दिलं न्हाय म्हणून भांडलेली माणसं आपण. दिलं म्हणून कसं भांडायचं?"

पारमिता हळूच म्हणाली, "डोळ्यात औषध घातलं का?"

ताण पुरा झाला, तशी सत्याप्पानं वरच्या झाडांची छाटणी केली. पहिल्या दिवशी हलकं पाणी सोडलं, मग ओल बघत बघत वाढवलं. रोज सकाळी जाऊन काड्या न्याहाळायचा. काही दिवस नुसती पालवी. सत्याप्पाचा जीव टांगणीला. मग एका सकाळी मंगलला हाक मारली ती अशी, की ती हातातली भाकरी तव्यावर टाकून पळत आली. काडीच्या टोकाला लालभडक कळी होती. एक नव्हे, बघावं तिकडं. हलक्या मुरमातली, मेली म्हणून रडून झालेली झाडं लालेलाल होऊन उठली होती. खालच्या दांडग्या ओळी मात्र हिरव्यागार, मख्ख. कळी औषधाला नाही.

उन्हाळ्यात बोअरचं पाणी आणखी बारीक झालं. तेवढ्यावरही ठिबकानं बाग तारून नेली. सत्याप्पा पहाटे ऊन वर यायच्या आत पाणी द्यायचा आणि नळ्यांची तोंडं कचऱ्यानं चोंदलीत का, ते एकेक करून बघायचा. फळं लिंबाएवढी झाली, मोसंब्याएवढी झाली. या पाण्याला, पोरीच्या हट्टाला, मुरमालासुद्धा तो मनातल्या मनात हात जोडायचा.

एक गोष्ट मात्र त्याच्या ध्यानात आली. बाळाक्का अलीकडं दिसायची बंद झाली होती. बांधावर यायची नाही. तो दिसला की घरात जायची. मंगलनं टपरीवरून खबर काढली ती अशी, की नागेंद्रच्या फाउंड्रीत अथणीकडचा एक डाळिंबवाला होता, त्यानं नागेंद्रला ताणाचं सगळं सांगितलं, आणि नागेंद्रनं रविवारी जेवता जेवता आईला. म्हातारी ताटावरून उठली म्हणे.

पाऊस लागून माळ हिरवा झाला, तेव्हा पहिलं फळ तोडणीला आलं. सत्याप्पानं ते झाडावरून कात्रीनं जपून काढलं, टॉवेलात गुंडाळलं आणि सरळ बाळाक्काच्या सोप्यात जाऊन तिच्यापुढं ठेवलं.

बाळाक्कानं तोंड फिरवलं. "ने ते. माझ्या घशाखाली उतरायचं न्हाय."

"का?"

"का म्हणून मलाच इचारतोस? तुझा पयला बहार मी बुडवला."

"निम्मा," सत्याप्पा म्हणाला.

"निम्मा तर निम्मा! मेल्या, तोंडानं सांगायचंस तरी! वर आणि म्हणतोस कसा, लई केलंसा. मी आपली गावभर सांगत सुटले, बाग वाचवली म्हणून. हसली आसतील माणसं मला."

"आक्का, मी खोटं बोललो न्हवतो," सत्याप्पा म्हणाला. तो तिच्या पुढ्यात खाली बसला. "जन्मभर दुसऱ्याच्या झाडाला पाणी दिलं मी. माझ्या झाडाला आजवर कुणी दिलंतं का? तुमीच पयल्या. निम्मा बहार काय, फुडल्या वर्षी यील की. हे परत कुठनं येणार हुतं?"

बाळाक्कानं नाक ओढलं.

"आता खावा. तुमी खाल्ल्याबिगर मी तोंड लावणार न्हाय. मंगलला बी खाऊ दिलेलं न्हाय. ती तिकडं चिडून बसलीया, लौकर करा."

म्हातारीला हसू फुटलं. तिनं फळ हातात घेतलं, उलटंसुलटं करून बघितलं, उंबऱ्यावर आपटून फोडलं. दाणे काढून तोंडात टाकले, सावकाश चावले.

"जरा आंबट हाय," ती म्हणाली.

"असू दे," सत्याप्पा म्हणाला.

मग बाळाक्कानं उरलेलं अर्धं फळ त्याच्या हातावर ठेवलं, आणि सत्याप्पानं स्वतःच्या झाडाचं पहिलं डाळिंब तिच्या शेजारी सोप्यात बसून खाल्लं.